गोल्फ क्लबसाठी हार्ड केस: पुणे ते सेंट अँड्रूजच्या तयारीच्या नोंदी

16 फेब्रुवारी 2025

गेल्या नोव्हेंबरमध्ये देशांतर्गत विमानप्रवासात मऊ कापडी ट्रॅव्हल बॅगेत ठेवलेला माझा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्यासाठीचा सर्वांत लांब क्लब, मोडला. ग्राफाइटचा शाफ्ट (क्लबची दांडी) होझेलच्या, म्हणजे दांडी डोक्यात बसते त्या जागेच्या, जेमतेम बोटभर वर तुटला होता, त्याचे तंतू पिंजून बाहेर आले होते, आणि बॅगेच्या कापडावर मात्र साधा ओरखडाही नव्हता. येत्या जूनमध्ये मुंबईहून एडिनबरा आणि पुढे स्कॉटलंडमधलेच गोल्फचे गाव सेंट अँड्रूज असा प्रवास ठरला आहे. वाटेत एकदा विमान बदलायचे असल्याने सामानाची चढउतार वाढणार, म्हणून आता हार्ड केसच (कडक कवचाची पेटी) घ्यायची असे मी ठरवले आहे.

कापडावर ओरखडा का नव्हता, याचा मी बराच विचार केला. क्लबचे वजन एका टोकाला, डोक्यात एकवटलेले असते. बॅग उभी आपटली की आतले क्लब खाली-वर सरकतात आणि सर्वांत उंच असलेल्या ड्रायव्हरचे डोके पहिला मार खाते. बॅग आडवी असताना वर जड सामान पडले, तर लांब शाफ्ट तरफेसारखा वागतो आणि सारा ताण होझेलपाशी येतो. दुसऱ्या प्रकारचा मार हार्ड केसचे कवच अंगावर घेते. पहिल्या प्रकारात मात्र आत मोकळी जागा असेल तर कवच कितीही भक्कम असले तरी त्याचा उपयोग होत नाही.

9 मार्च

मोजमापे घेतली. गोल्फच्या नियमांनुसार पटर (चेंडू भोकात ढकलायचा क्लब) वगळता कोणताही क्लब 48 इंचांहून लांब असू शकत नाही. माझा ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांचा आहे आणि स्टँड बॅगेत (घडीचे पाय असलेल्या गोल्फ बॅगेत) उभा केल्यावर तळापासून डोक्यापर्यंत सुमारे 47 इंच भरतात. त्यामुळे आतली लांबी 50 इंचांच्या आसपास असलेली केस हवी. त्याहून लांब घेतली तर मोकळी जागा भरण्याचे कामच वाढते. रुंदी मोजायला आपल्यापैकी बरेच जण विसरतात. स्टँड बॅगेचे मिटलेले पाय बाहेर थोडे फुगलेले राहतात, आणि चौदा कप्प्यांची कार्ट बॅग तर बऱ्याच केसमध्ये बसतच नाही, म्हणून स्वतःची बॅग दुकानात नेऊन झाकण बंद करून पाहावे.

मी दोन केस पाहिल्या. पहिली चकचकीत एबीएस प्लास्टिकची होती आणि हलकी होती, पण तिच्या झाकण बंद करायच्या कड्या कवचाच्या बाहेर आलेल्या होत्या. अशा कड्या कशाला तरी अडकून उखडतात. दुसरी पॉलिइथिलीनची आहे. तळहाताने जोर देऊन दाबले की तिचे कवच किंचित आत जाते आणि हात काढताच पूर्ववत होते; कड्या खाचेत बसवलेल्या आहेत आणि चाके स्क्रूने लावलेली असल्याने बदलता येतात. मी दुसरी घेतली. तिची एक अडचण मान्य केलीच पाहिजे: ती घडी करून ठेवता येत नाही, आणि लहान गाडीत मागची सीट पाडल्याशिवाय मावत नाही.

23 मार्च

वजन केले. केस 6.2 किलो, स्टँड बॅग 2.1, चौदा क्लब 5.6 आणि बूट 0.8, असे एकूण 14.7 किलो झाले. देशांतर्गत उड्डाणांत इकॉनॉमीच्या तिकिटावर साधारणपणे 15 किलोच नेता येतात. एक चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा असतो, म्हणजे डझनभर चेंडूंचे अर्धा किलोहून अधिक झाले आणि मर्यादा ओलांडली. हार्ड केस घेताना म्हणूनच वजनाचा हा हिशेब आधी मांडावा. रेंजफाइंडर (अंतर मोजायचे उपकरण) आणि पॉवर बँक मी हातातल्या बॅगेत ठेवणार आहे.

नुकसानभरपाईची बाजूही पाहून घेतली. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या 1999 च्या माँट्रियल करारानुसार सामानासाठी प्रवाशामागे 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) इतकी कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून आहे, आणि सामान मोडले असल्यास ते हाती आल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. केस विमानतळावरच उघडून पाहण्याची सवय त्यासाठी लावून घ्यायला हवी. नोव्हेंबरमध्ये मी बॅग घरी आणल्यावर दोन दिवसांनी उघडली होती.

13 एप्रिल

पुणे–दिल्ली–पुणे असा प्रवास नव्या केससह झाला. ड्रायव्हरचे डोके पान्याने सोडवून मोज्यात गुंडाळले आणि बॅगेच्या खिशात ठेवले. डोके नसलेला शाफ्ट हलका असल्याने त्याची भीती राहत नाही. क्लबांच्या मधोमध, त्या सर्वांहून दोन इंच उंच राहील असा, लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा उभा केला, म्हणजे केस उलटी आपटली तरी मार आधी दांड्यावर येतो. उरलेल्या जागेत टॉवेल आणि पावसाळी जाकीट भरले.

दिल्लीला केस उघडली तेव्हा काहीही मोडलेले नव्हते, पण एक टॉवेल खाली घसरला होता आणि पाच नंबरच्या आयर्नने (पातळ डोक्याच्या क्लबने) थ्री-वुडच्या (ड्रायव्हरसारख्या जाड डोक्याच्या क्लबच्या) शाफ्टवरचा रंग नखभर खरवडला होता. परत आल्यावर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी आणली, ती उभी चिरून वुड्सच्या शाफ्टवर बसवली आणि सगळी डोकी मिळून एक रुंद वेल्क्रो पट्टा आवळला. आता बंद केस उभी धरून जोरात हलवली तरी आतून लोखंडाचा आवाज येत नाही.