पानावरून ढगात

हवेतील सूक्ष्म कणांचा विषय निघाला की धूर, धूळ आणि समुद्रावरून येणारे मिठाचे कण आठवतात. झाडाचे पान सहसा कुणाला आठवत नाही. वास्तविक पानाच्या एका चौरस सेंटिमीटरवर दहा लाखांहून अधिक जिवाणू नांदत असू शकतात. ऊन चढून पाने कोरडी झाली आणि वारा सुटला की त्यांतले काही सुटे होऊन तापलेल्या हवेबरोबर वर जातात. पावसाचा थेंब पानावर फुटतो तेव्हा उडणाऱ्या तुषारांतूनही ते बाहेर पडतात. कित्येक बुरशींना तर वाऱ्याचीही गरज नसते. बीजाणूच्या, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म बीजासारख्या कणाच्या, बुडाशी पाण्याचा इवलासा थेंब साठतो, तो बीजाणूवरील ओलाव्यात अचानक मिसळतो आणि त्या हिसक्याने बीजाणू उडतो. हे कण किती दूर जातात याचा पुरावा जुना आहे: १९३३ मध्ये वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी ग्रीनलंडवरून उडताना काचपट्ट्यांवर बीजाणू पकडले होते.

या गर्दीत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो ‘स्यूडोमोनास सिरिंगी’ हा जिवाणू. शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास जाईपर्यंत द्रवरूपात राहू शकतात. या जिवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन मात्र पाण्याचे रेणू बर्फासारखे रचून त्यांना उणे २ अंशांच्या सुमारासच गोठवू शकते. पानावर त्यामुळे हिमदंश होतो. मग ढगातही हेच घडत असेल, त्या बर्फकणांतून पाऊस पडत असेल आणि त्याबरोबर जिवाणू पुन्हा पानांवर उतरत असेल, अशी कल्पना १९८०च्या दशकात वनस्पतिरोगतज्ज्ञ डेव्हिड सँड्स यांनी मांडली. कल्पना मोहक आहे, पण तिच्या आहारी जाऊ नये. ढगांत खनिज धूळ कितीतरी जास्त असते आणि उणे १५ अंशांखाली बर्फ बनवण्याचे बरेचसे काम तीच करते. जिवाणूंना वाव आहे तो त्याहून उबदार ढगांत, आणि तिथेही पावसातला त्यांचा वाटा अजून वादाचा आहे.

मोजणीची अडचण निराळीच आहे. हवेतले जिवाणू प्रयोगशाळेत पोषकद्रव्याच्या बशीत वाढवून मोजले तर केवळ जिवंत आणि तिथे वाढू शकणारे जिवाणू दिसतात. हे प्रथिन तर पेशी मेल्यावरही काम करत राहू शकते, म्हणूनच कृत्रिम बर्फ पाडण्यासाठी मृत जिवाणूंची भुकटी वापरली जाते. त्यामुळे मेलेल्या पेशी आणि त्यांचे तुकडेही हिशेबात धरावे लागतात.