शकुंतलेच्या गावची, सिंडर ट्रॅकवर

"बाबा, या शनिवार-रविवारी आम्ही रेल्वेच्या लाइनीवरून सायकल चालवणार आहोत."

पलीकडे जरा शांतता. मग, "काहून वं? तिकडं रस्ते नाहीत का?"

रस्ते आहेत. पण इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या किनाऱ्यालगतचे रस्ते अरुंद, दोन्हीकडे डोक्याएवढ्या कुंपणाच्या झुडपांच्या भिंती आणि वळणावरून ताशी साठ मैलांनी येणाऱ्या मोटारी. लीड्सला येऊन चार वर्षं झाली, तरी तिथे सायकल घालायची माझी छाती होत नाही. म्हणून ही लाइन. स्कारबरो ते व्हिटबी, २१ मैल, म्हणजे साधारण ३४ किलोमीटर. गाडी १८८५ साली सुरू झाली आणि १९६५ साली बंद पडली. रूळ उखडले गेले, बांध तसाच राहिला, आणि आज त्यावरून माणसं, कुत्री, घोडे आणि सायकली जातात. मोटारींना मज्जाव.

याला सिंडर ट्रॅक म्हणतात. सिंडर म्हणजे कोळशाची जळकी राख, खडे-खडे असलेली. आपल्याकडे रुळांखाली गिट्टी असते, इथे ही राख घातली होती. त्यामुळे नाव ऐकून काही रोमँटिक डोळ्यांपुढे आणू नका. पाऊस पडून गेला की ती काळी रबडी होते आणि चेनमध्ये, मडगार्डमध्ये, पायमोज्यांत सगळीकडे जाते. काही पट्टे आता छान गुळगुळीत केलेत, काही अजून दात खिळखिळे करणारे आहेत. बारीक टायरची रेसिंग सायकल आणणारे दोन भिडू आम्हाला वाटेत पंक्चर काढताना दिसले.

लीड्सहून थेट गाडीनं स्कारबरोला आलो. सायकली चढवायला गाडीत मोजक्याच जागा असतात, त्या आधी राखून ठेवाव्या लागतात. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, त्यात रेनकोट, बदलायचे कपडे आणि पोळी-ठेच्याची गुंडाळी. वाट सुरू होते एका सुपरमार्केटच्या मागून, आणि पहिला अर्धा तास ती अगदीच साधी: लोकांच्या परसदारांमागून, वाळत घातलेल्या चादरींच्या बाजूनं. स्कॅल्बीला तर ती वस्तीतल्या गल्ल्यांत शिरते आणि आम्ही चुकलो. एका आजींनी हातातली कुंडी खाली ठेवून रस्ता दाखवला. "सगळे इथेच चुकतात," म्हणाल्या.

क्लॉटन गेलं की झाडी दाट होते आणि चढ लागतो. लागतो म्हणजे जाणवत नाही, फक्त आपला वेग का कमी झालाय ते कळत नाही. आगगाडीची वाट असल्यानं एकदम छातीवर येणारा चढ कुठेच नाही. हीच या जुन्या लाइनींवर सायकल चालवण्यातली खरी गंमत आहे. डोंगर चढायचं अवघड काम इंजिनिअरनं आधीच करून ठेवलंय: कुठे टेकडी कापून, कुठे भराव घालून. आपण फक्त पायडल मारायचं. जुनी स्टेशनं वाटेत येतात. कुणी त्यात राहतं, कुठे चहा मिळतो. फलाट मात्र तसेच आहेत, कडेला फुलझाडं लावलेले, आणि आपण दोन फलाटांच्या मधून, जिथे उभं राहायची कधी सोय नव्हती तिथून, सायकलवर चाललेलो.

रेव्हनस्कारला माथा. उंची १९० मीटरच्या आसपास. परतवाड्याच्या माणसाला हसू येईल, आमचं चिखलदरा याच्या पाचपटींहून उंच. पण इथे ही उंची थेट समुद्रातून उठते. उजवीकडे खाली खडकाळ किनारा आणि त्यावर पडलेले करडे सील, डावीकडे मूर. मूर म्हणजे उघडा, झाडं नसलेला माळ. ऑगस्टमध्ये त्यावर हेदर नावाची बुटकी झुडपं फुलतात आणि सगळा उतार जांभळा होतो. मला वाटायचं हा माळ मुळातच असा, माणसाचा हात न लागलेला असावा. उलट आहे. इथली झाडं माणसानं हजारो वर्षांपूर्वीच तोडली. मेंढ्यांची चराई आणि ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी हेदरचे पट्टे आलटून-पालटून जाळणं, यामुळे माळ तसाच राहिलाय. शिकारीचा मोसम १२ ऑगस्टला उघडतो, म्हणजे फुलांच्या ऐन बहरात.

रेव्हनस्कारमध्ये एक न झालेलं शहर आहे. १८९०च्या दशकात एका कंपनीनं इथे मोठं सागरी विहारस्थळ उभारायचं ठरवलं. रस्ते आखले, गटारं टाकली, प्लॉट विकायला काढले. लोक रेल्वेनं आले, खाली डोकावले आणि त्यांना दिसलं की समुद्र सहाशे फूट खाली आहे आणि तिथे वाळू नाही, धोंडे आहेत. कंपनी बुडाली. गवतात हरवणारे ते रस्ते अजून आहेत. एनए प्लॉटच्या जाहिराती पाहत वाढलेल्या माणसाला हे फारच ओळखीचं वाटतं.

पण मी खरी रमले ती तुरटीत. हो, तीच तुरटी, जी बाबा दाढी झाल्यावर गालावर फिरवतात आणि आजी पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात फिरवायची. रेव्हनस्कारच्या कड्याखाली तुरटीच्या कारखान्याचे अवशेष आहेत. सतराव्या शतकापासून दोनशेएक वर्षं इथे हे काम चाललं. कडा खणून शेल नावाचा पापुद्र्यांचा दगड काढायचा, लाकूडफाट्यावर त्याचा डोंगर रचायचा आणि तो नऊ-नऊ महिने धुमसत ठेवायचा. मग पाण्यात भिजवायचा, ते पाणी उकळायचं आणि त्यात घालायचं माणसाचं मूत्र. त्यातल्या अमोनियामुळे तुरटी जमते. गावातलं पुरेना, म्हणून लंडनहून जहाजानं पिंपं यायची! द्रावण तयार झालं की नाही, हे बघायला म्हणे कोंबडीचं अंडं टाकत. तरंगलं की झालं. आई लोणच्याच्या मिठाच्या पाण्याला हीच परीक्षा लावते. आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर कापडावर रंग पक्का बसावा म्हणून.

कापड म्हटल्यावर मला शकुंतला आठवणारच होती. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही आमची नॅरोगेज. वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला टाकलेली लाइन, तो कापूस पुढे मुंबई बंदरातून मँचेस्टरला. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, तेही मँचेस्टरलाच बनलेलं. अचलपूरहून मूर्तिजापूर पाऊणशे किलोमीटर, वेळ चार तास. बाबा सांगतात, गाडी इतकी हळू की खाली उतरून बोरं वेचून परत चढता यायचं. गेली काही वर्षं तीही बंद आहे. रुळांत बाभळी उगवल्यात.

नवरा म्हणाला, "आपल्याकडे पण असा ट्रॅक करायला पाहिजे." मी रॉबिन हूड्स बेपर्यंतच्या सबंध उतारावर त्याच्याशी भांडले. (हा उतार ३९ फुटांना एक फूट असा आहे. समुद्रावरून धुकं आलं की रूळ ओले होऊन वर येणाऱ्या गाड्या घसरायच्या, आणि मागे जाऊन पुन्हा धाव घ्यावी लागायची. आम्ही ब्रेक दाबून खाली आलो.) माझं म्हणणं एवढंच, की शकुंतला ही गरिबाची गाडी होती. तिच्यासाठी अजून आंदोलनं होतात, लोकांना ब्रॉडगेज हवी आहे. तिथे जाऊन सायकलींचं सांगणारी मी कोण? इथल्या लोकांनीसुद्धा गाडी बंद करा म्हणून काही अर्ज केला नव्हता. १९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांच्या अहवालानं तोट्यातल्या लाइनी छाटायला सांगितल्या, त्यात ही गेली. आज व्हिटबीहून स्कारबरोला आगगाडीनंच जायचं म्हटलं तर मिडल्सबरोकडून भला मोठा वळसा पडतो.

हे सगळं खरं, आणि वाट अतोनात सुंदर आहे हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच सायकलवर बसल्या होत्या.

व्हिटबीच्या अलीकडे शेवटचा मोठा नजराणा: एस्क नदीवरचा लारपूलचा पूल. तेरा कमानी, उंची १२० फूट, सुमारे पन्नास लाख विटा. सायकल कठड्याला टेकवून पोळी-ठेचा तिथेच काढला. खाली ओहोटीचा चिखल, दूर टेकडीवर पडक्या ॲबीची, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाची, कमान. दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून बाबांना पाठवला.

रात्री उत्तर आलं, आवाजी संदेश: "पूल तं लय पक्का दिसते. मंग गाडी काहून बंद केली?"