बिनपत्त्याचा राग

वाहन चालवणाऱ्या माणसाला दिवसभरात जितके राग येतात, त्यांत खड्ड्याचा राग सर्वांत अल्पायुषी असतो. आडवी घुसलेली गाडी दोन चौक पुढे जाईपर्यंत डोक्यात राहते, मागून उगाच हॉर्न वाजवणाऱ्याला आरशातून निदान एक जळजळीत कटाक्ष तरी टाकता येतो; पण चाक खड्ड्यात आदळते, खालून धाडकन आवाज येतो, दातावर दात बसतात, तोंडातून एक अस्सल शब्द बाहेर पडतो आणि तो ऐकून घ्यायला समोर कोणीच नसते. हा खड्डा मागे पडलेला असतो आणि पुढचा यायचा असतो. शेजारी कोणी बसलेले असेल तर ‘जरा बघून चालवा की’ एवढे मात्र ऐकायला मिळते, म्हणजे ज्याला राग आला त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते.

हा राग खरा असूनही बेवारस आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्याला पत्ता नाही. वीज गेली तर कोणाला फोन करायचा ते ठाऊक असते, गाडी उशिरा आली तर खिडकीपाशी जाऊन चार शब्द सुनावता येतात. रस्त्याच्या बाबतीत हा तुकडा नेमका कोणाच्या ताब्यात आहे, येथपासूनच प्रश्न सुरू होतो. रस्ता एकसंध दिसत असला तरी कागदोपत्री तो तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या यंत्रणांचा असतो, आणि खड्डा बहुधा दोन तुकड्यांच्या सांध्यावर पडतो.

नुकसानही असेच पुरावा मागे न ठेवता होते. खड्ड्याची पुढची कड चाकाला लागते तेव्हा टायरची बाजू रिम आणि डांबराच्या कडेमध्ये चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. त्या क्षणी काहीच कळत नाही. पुढे केव्हातरी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो, किंवा स्टिअरिंग सरळ धरले तरी गाडी एका बाजूला ओढू लागते, आणि मेकॅनिक अलाइनमेंट बिघडल्याचे सांगतो. पण कोणत्या खड्ड्याने बिघडवली? इतक्या खड्ड्यांतून गाडी गेलेली असते की संशयितांची यादीही करता येऊ नये. अर्थात चारचाकीवाल्याचे दुःख मुख्यतः खिशाचे असते. दुचाकीवाल्यासाठी तोच खड्डा जिवावरचा प्रसंग होऊ शकतो. त्यातून तो पाण्याने भरलेला असला, तर तो चार बोटे खोल आहे की हातभर, हे चाक आत जाईपर्यंत कळत नाही. एकाच खड्ड्यावर दोघे चिडतात, पण त्यांच्या चिडण्याला एकाच मापाने मोजणे बरोबर नाही.

खड्डा कसा तयार होतो हे पाहायचे असेल तर तो पडण्याआधीच पाहावा लागतो. पाऊस थांबून रस्ता वाळू लागला की काही ठिकाणी बारीक भेगांच्या रेषा ओल्याच राहतात आणि त्यांच्या कडेने राखाडी, मऊ गाळाचा पातळ डाग दिसतो. तो डाग वरून पडलेला नसतो, खालून आलेला असतो. भेगेतून पाणी आत शिरते, जड चाक वरून गेले की ते दाबले जाते, आणि बाहेर पडताना खालच्या थरातली बारीक माती घेऊन येते. प्रत्येक चाक म्हणजे पंपाचा एक ठोका. हळूहळू डांबराखाली पोकळी होते, वर मगरीच्या पाठीसारखी भेगांची जाळी उमटते, आणि एके दिवशी त्यातला एखादा तुकडा चाकाबरोबर निघून जातो. खड्ड्याच्या कडेशी वाकून पाहिले तर डांबर सुटून उघडी पडलेली खडी दिसते. पाण्याने तिची डांबराशी असलेली जवळीकही तोडलेली असते. थंड प्रदेशात यात बर्फाची भर पडते, कारण पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि भेग आतून रुंद होते. बर्फ असो वा नसो, मूळ अपराधी पाणीच.

हे काही आजचे ज्ञान नाही. जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटिश गृहस्थ १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला आणि त्याने सांगितलेली मुख्य गोष्ट हीच होती, की वाहनाचे ओझे शेवटी जमीनच पेलते आणि ती कोरडी असेपर्यंतच पेलते; म्हणून रस्त्याचे काम पाणी आत जाऊ न देण्याचे. त्यासाठी रस्ता मधोमध किंचित उंच, दोन्ही कडांना उतार, बाजूला गटार आणि वर एकमेकांत घट्ट बसतील अशी लहान, कोनदार फोडलेली खडी. मॅकॅडमच्या रस्त्यांवर डांबराचा थेंबही नव्हता. डांबर पुढे आले, कारण मोटारींची वेगवान चाके खडीच्या फटींतली बारीक भुकटी उडवू लागली आणि धुळीने लोक हैराण झाले. एडगर हूली या ब्रिटिश सर्वेक्षकाला एका लोखंडाच्या कारखान्याजवळ सांडलेल्या डांबरावर भट्टीतली धातुमळी टाकलेली दिसली, तेवढाच तुकडा घट्ट आणि बिनधुळीचा झालेला दिसला, आणि १९०२ मध्ये त्याने टारमॅकचे, म्हणजे डांबर मिसळलेल्या मळीचे, पेटंट घेतले. दोनशे वर्षांत यंत्रे बदलली, मिश्रणे बदलली, पण आजही एखादा रस्ता वारंवार का उखडतो याचे उत्तर रस्त्यात कमी आणि शेजारच्या तुंबलेल्या गटारात जास्त सापडते. रस्त्यावरून जाताना मात्र आपण गटाराला कधी शिव्या देत नाही.

रागाचा नेम चुकण्याची ही पहिली जागा. दुसरी जागा आकड्यांत आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ खास चाचणीसाठी बांधलेल्या रस्त्यांच्या वेटोळ्यांवरून ठरावीक वजनाचे ट्रक दिवसाचे बहुतेक तास फिरवण्यात आले, एवढ्याचसाठी की रस्ता कसा मोडतो ते पाहता यावे. त्यातून जो नियम निघाला तो ढोबळ असला तरी डोळे उघडणारा आहे: आसावरचा, म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते, कारण झीज भाराच्या चौथ्या घाताने वाढते. आसावर अर्धा टन भार असलेली छोटी मोटार आणि दहा टन भार असलेला मालट्रक यांत वजनाचा फरक वीस पट, पण झिजेचा फरक एक लाख साठ हजार पट. म्हणजे खड्ड्यावर सर्वांत जोरात चिडणाऱ्या मोटारवाल्याचा तो पाडण्यात जवळपास काहीच हात नसतो, आणि ज्याचा असतो तो उंच केबिनमध्ये, मोठ्या चाकांवर बसून त्यावरून फारसे हादरे न खाता निघून जातो. अर्थात त्या ट्रकमधला माल आपल्याच घरी येत असल्यामुळे हाही आरोप फार ताणता येत नाही.

मग दुरुस्ती वेळेवर का होत नाही? पैसा नाही, हे उत्तर अर्धेच खरे आहे. रस्ता आपले वय लपवतो, हे उरलेले अर्धे. नवा रस्ता बरीच वर्षे ठणठणीत दिसतो आणि मग फार थोड्या काळात झपाट्याने खाली येतो. ज्या वेळी केसाएवढ्या भेगा बुजवून, वर पातळ थर देऊन त्याचे आयुष्य स्वस्तात वाढवता आले असते, त्या वेळी तो चांगला दिसत असतो, आणि चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर खर्च केला तर लोकच विचारतात की शेजारचा फुटका रस्ता सोडून हा कशाला? दातातल्या किडीसारखे आहे. ठणका लागल्याशिवाय कोणी जागचा उठत नाही, आणि ठणका लागेपर्यंत किरकोळ कामाची वेळ गेलेली असते. शिवाय नव्या रस्त्याचे उद्घाटन करता येते. भेगा बुजवण्याचा समारंभ झाल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

दुरुस्ती होते तेव्हा ती कशी होते, हे उभे राहून पाहण्यासारखे असते. खरे पाहता खड्डा बुजवण्याची रीत साधी आहे. आधी सैल झालेले सगळे काढून, कडा पक्क्या भागापर्यंत सरळ उभ्या कापायच्या, त्यामुळे वेडावाकडा खड्डा आणखी मोठा पण चौकोनी होतो. मग पाणी आणि धूळ काढून तळ कोरडा करायचा, तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात द्यायचा, गरम मिश्रण थराथराने भरायचे, गरम आहे तोवर दाबायचे आणि शेवटी सांधे बंद करायचे. प्रत्यक्षात पुष्कळदा घमेल्यातून आणलेले, वाटेत निम्मे थंड झालेले मिश्रण ओल्या खड्ड्यात ओतले जाते, फावड्याच्या पाठीने चार वेळा थापटले जाते आणि उरलेले दाबण्याचे काम येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांवर सोपवून गाडी पुढे जाते. खाली पाणी, कडेला धूळ, मग ते ठिगळ धरणार कशाला? पहिल्या जोरदार पावसात ते सुटते आणि त्याची खडी अशा रीतीने पसरते की आधी खड्डा चुकवावा लागत होता, आता खड्डा आणि खडी दोन्ही. ज्या कामगारांना भर पावसात तातडीने पिटाळले जाते त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कोरडा तळ हवा हे त्यांनाही माहीत असते. खड्डा बुजवल्याची नोंद त्याच दिवशी हवी असते, तो बुजलेला राहिल्याची नोंद मात्र कोणी मागत नाही.

या बेवारस रागाला पत्ता मिळवून देण्याची माझी सर्वांत आवडती हकिगत न्यूयॉर्कची आहे. खड्ड्यांमुळे आणि फुटक्या पदपथांमुळे जखमी झालेल्यांच्या भरपाईच्या दाव्यांनी ते शहर बेजार झाले, तेव्हा १९७९ मध्ये असा कायदा करण्यात आला की त्या नेमक्या दोषाची लेखी सूचना आधी मिळालेली असेल तरच शहर जबाबदार. वरकरणी हुशारीची गोष्ट होती, कारण पडण्याआधी खड्ड्याची लेखी तक्रार कोण करणार? पण वकिलांनी त्यावर ताण केली. त्यांनी १९८२ मध्ये ‘बिग ॲपल पॉटहोल अँड साइडवॉक प्रोटेक्शन कॉर्पोरेशन’ नावाची संस्थाच काढली, पगारी माणसे शहरभर पायी फिरवली, प्रत्येक भेग, उंचवटा आणि खड्डा ठरावीक खुणांनी नकाशांवर उतरवला आणि ते नकाशे शहराच्या वाहतूक खात्यात दाखल केले. झाली लेखी सूचना. आपल्या खड्ड्यांचा इतका तपशीलवार नकाशा हाती आल्यावर कोणत्याही नगराने तो दुरुस्तीसाठी वापरावा असे आपल्याला वाटते. पण वर्षानुवर्षे त्याचा मुख्य उपयोग न्यायालयात पुरावा म्हणूनच होत राहिला, आणि खुणेचा अर्थ नेमका कोणता यावर वकील भांडत राहिले. २००३ मध्ये बऱ्याचशा पदपथांची जबाबदारी लगतच्या मालमत्तेच्या मालकांवर टाकण्यात आली. रागाला पत्ता मिळाला, तोही पुन्हा बदलला.

काही लोक मध्ये कोणालाच न घेता स्वतः फावडे उचलतात. अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी एप्रिल २०२३ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराजवळचा एक खड्डा साथीदारांसह भरून काढला आणि त्याची चित्रफीत जगभर कौतुकाने पाहिली गेली. त्यानंतर शहराच्या प्रशासनाने कळवले की तो खड्डा नव्हताच, तो भूमिगत वाहिनीच्या कामासाठी रीतसर परवानगीने खणलेला चर होता. कॅलिफोर्नियाच्या माजी गव्हर्नरांनाही रस्त्यातला खड्डा कोणाचा हे ओळखता येऊ नये, यात इतरांनी दिलासा मानायला हरकत नाही.

बहुतेक लोक मात्र ना वकील गाठतात, ना फावडे. ते शिकतात. रोजच्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा हातांना पाठ होतो. फलकाच्या अलीकडे किंचित उजवीकडे, झाडाच्या सावलीत वेग कमी, पुलाच्या सांध्यावर दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा. रोज जाणारे या रस्त्यावर अशा सफाईने वळणे घेतात की मागून येणाऱ्या नवख्याला ते झोकांड्या खात आहेत असे वाटावे, आणि पुढच्याच क्षणी तो नवखा त्या खड्ड्यात जातो. हे कौशल्य पाहून मला कौतुक वाटते आणि संशयही येतो. ज्याला खड्डा पाठ झाला त्याची तक्रार करण्याची निकड तेथेच संपते, आणि उरलेला तक्रारदार असतो तो वाटसरू, जो त्या रस्त्याने पुन्हा येणारच नसतो.

अशाही परिस्थितीत कधीतरी रस्ता खरोखर नीट होतो, डांबर काळे कुळकुळीत, कडा सरळ, चाकांचा आवाजसुद्धा बदललेला. मग वेग वाढतो, वेग वाढला म्हणून तेथे राहणारे लोक अर्ज करतात, आणि त्या गुळगुळीत रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्याविना एक गतिरोधक अवतरतो. त्यावर आदळलेला वाहनचालक खड्ड्यात आदळल्याइतकाच चिडतो, पण या वेळी त्याच्या रागात एक प्रकारचे समाधान मिसळलेले असते, कारण हे कोणीतरी मुद्दाम, अर्जावर सही करून केलेले आहे याची त्याला खात्री असते.