बोरामाच्या वाटेवर

सोमालीलँडची राजधानी हर्गेसाहून पश्चिमेला बोरामाकडे निघालो तेव्हा गाडीत आम्ही तिघे होतो: मी, चालक आणि शहराबाहेर जाण्यासाठी सोबत घ्यावा लागलेला एक सशस्त्र पोलीस. गाडी ठरवून देणाऱ्या गृहस्थांनी चालक मुद्दाम बोरामाकडच्या भावकीतला निवडला होता. वाटेत अपघात होऊन कोणी दगावले, तर भरपाईची बोलणी कोणी कोणाशी करायची, हे त्यामुळे आधीच ठरलेले असते, असे त्यांनी मला समजावले. या भरपाईला सोमालीत ‘माग’ म्हणतात. रूढ कायद्याप्रमाणे पुरुषाच्या जिवासाठी १०० उंट, स्त्रीच्या जिवासाठी ५०, आणि ही रक्कम अपराध्याची सारी भावकी वर्गणी काढून भरते. आपल्या पोराच्या चुकीची झळ घरोघरी बसणार असल्यामुळे त्याच्यावर भावकीचेच लक्ष असते. चौकीतल्या दोन-तीन पोलिसांच्या भरवशावर एवढा मुलूख शांत कसा राहतो, याचे उत्तर मला तिथे मिळाले.

बोरामा हे गदाबुर्सी भावकीचे शहर. १९८८ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बरे याच्या विमानांनी हर्गेसा उद्ध्वस्त केले, तेव्हा त्याच्याविरुद्ध लढणारी संघटना मुख्यतः इसाक भावकीची होती आणि गदाबुर्सींपैकी अनेक जण सरकारच्या बाजूला होते. असे असूनही, १९९१ मध्ये सोमालीलँडने सोमालियापासून स्वातंत्र्य जाहीर केल्यानंतर दोनच वर्षांनी, सर्व भावक्यांचे वडीलधारे याच शहरात जमले आणि महिनोन् महिने बोलत राहिले. १९९३ च्या त्या बैठकीने इगाल यांना राष्ट्राध्यक्ष निवडले, वडीलधाऱ्यांच्या ‘गुर्ती’ला ८२ जागांचे वरिष्ठ सभागृह म्हणून मान दिला आणि आपापल्या भागातील हत्यारबंद तरुणांना आवरण्याची जबाबदारी त्या त्या भावकीवर टाकली. जेत्यांनी हरलेल्यांच्या दारी जाऊन राज्याची घडी बसवली, याचे मला आजही मोल वाटते. गुर्तीची निवडणूक मात्र त्यानंतर झालीच नाही. सभासद वारला की जागा त्याच्या घरातल्याकडे जाते, हे ऐकून वाईट वाटले.

बोरामातल्या चहाच्या दुकानात विषय निघाला नगरपालिकेचा. २०१२ पासून मतदार पक्षाच्या यादीऐवजी थेट उमेदवाराला मत देतात, त्यामुळे प्रत्येक पोटशाखा आधी आपली बैठक घेते, माणूस ठरवते आणि पैसे उभे करते. महापौर नगरसेवकांतून निवडला जात असल्याने मतमोजणीनंतर शाखाशाखांत पुन्हा वाटाघाटी होतात. या रचनेत बायकांना थारा नाही. लग्न झालेली स्त्री माहेरच्या भावकीला परकी वाटते आणि सासरच्यांना ती कधीच पुरती आपली वाटत नाही, मग तिच्यासाठी बैठक कोण घेणार? २०२१ च्या निवडणुकीत संसदेवर एकही स्त्री निवडून आली नाही.

मला पुढे पूर्वेकडे लास अनोदला जायचे होते. चालकाने स्पष्ट नकार दिला. लास अनोद हा धुलबहंते भावकीचा मुलूख; बोरामाच्या बैठकीत त्यांचेही वडीलधारे होते, पण हर्गेसाच्या सत्तेत आपला वाटा नाही ही त्यांची भावना वाढत गेली. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथे लढाई पेटली आणि ऑगस्टमध्ये सोमालीलँडच्या सैन्याला माघार घ्यावी लागली. “तिथे माझ्या वतीने बोलणारे कोणी नाही,” एवढेच तो म्हणाला आणि त्याने गाडी हर्गेसाकडे वळवली.