तिळूचा पाय

दिवाळीच्या सुमारास आमच्या शेजारच्या अर्धवट बांधकामात एका कुत्रीला पाच पिल्लं झाली होती, तिळू त्यातलीच एक. साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे चांगलंच गारठतं. पिल्लं ऊब शोधत उभ्या गाड्यांखाली जाऊन झोपतात. १७ डिसेंबरला सकाळी सहाला दुधाचा टेम्पो मागे घेतला आणि खालून एक किंकाळी आली. चालक बिचारा उतरून डोक्याला हात लावून उभा राहिला. ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

मी पळत गेले आणि तिला तशीच उघड्या हाताने उचलली. वेदनेने कळवळणारं जनावर चावणारच. तिचे ते सुईसारखे दुधाचे दात माझ्या अंगठ्याच्या बुडाशी रुतले, रक्त आलं. आधी टॉवेल टाकून, खाली पुठ्ठा सरकवून उचलायचं असतं हे मला नंतर कळलं. पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने हात धुतला आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन जखमेत रेबीजविरोधी सिरम (तयार प्रतिपिंडं) आणि रेबीजची लस घेतली. मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी पुढच्या लसी. "एवढ्याशा पिल्लाला कुठली रेबीज" असं चार जणांनी सांगितलं. कृपा करून असल्या सल्ल्यावर जाऊ नका. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो आणि झाल्यावर त्याला औषध नाही.

ज्या दवाखान्यात आधी गेलो तिथे एक्स-रे न काढताच पाय गच्च बांधून दिला. दुसऱ्या दिवशी तिची बोटं टम्म फुगली होती, नखं एकमेकांपासून फाकली होती. नवरा घरातलं तापाचं पॅरासिटामॉल तरी देऊ म्हणत होता. मी नको म्हटलं, आणि ते बरंच झालं. माणसांची ही गोळी कुत्र्याला मनाने द्यायची नसते, जिवावर बेतू शकतं. आम्ही तिला घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी पायाला हातच लावला नाही आधी. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, लघवी झाली का विचारलं. हिरड्या गुलाबी होत्या आणि सकाळी लघवी झाली होती, म्हणजे आतला रक्तस्राव किंवा मूत्राशय फुटल्याची लक्षणं नव्हती. मग एक्स-रे. मागच्या उजव्या पायाची नडगी मोडली होती, पण शेजारचं बारीक हाड शाबूत होतं.

"ताई, नशीब हिचं. मांडीचं हाड असतं तर आत रॉड घालावा लागला असता. हे बांधून जुळेल. लहान जीव आहे, तीन-चार आठवड्यांत हाड धरेल. पण हिला पळू द्यायचं नाही."

पळू द्यायचं नाही! दीड महिन्याच्या पिल्लाला! पहिले चार दिवस ती दुखण्यानेच गप्प होती. पाचव्या दिवशी वेदनाशामकाने बरं वाटायला लागलं आणि तिथून आमची परीक्षा सुरू झाली. वेल्डिंगवाल्याकडून तीन बाय दोन फुटांचा जाळीचा पिंजरा करून आणला आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला. ती जाळीला तोंड लावून रडायची. मला राहवायचं नाही. एका रात्री मी दार उघडायला हात पुढे केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळंतिणीला सुद्धा खाटेवरून उठू देत नाहीत. चार आठवड्यांचं तर आहे." ज्या आईंनी पहिल्या दिवशी "घरात नको, अंगणात ठेवा" म्हटलं होतं, त्याच आता रात्री उठून जाळीपाशी बसायच्या.

रोज सकाळी माझं पहिलं काम म्हणजे तिची बोटं बघणं. पट्टीच्या टोकाला मधली दोन बोटं मुद्दाम उघडी ठेवलेली होती. मी ती दोन बोटांच्या चिमटीत धरायची. कोमट लागली की जीव भांड्यात पडायचा. गार लागली, सुजली, नखं फाकली किंवा पट्टीला वास आला तर त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लू भराभर वाढतं आणि पट्टी आहे तेवढीच राहते, म्हणून दर आठवड्याला ती बदलायला न्यायचो. लघवीने पट्टी ओली झाली की आत कातडी सोलवटते. एकदा तसं झालंच, टाचेवर रुपयाएवढी जखम पडली आणि ती भरायला दहा दिवस गेले.

खाण्यातही शिकलो. आईंनी मायेने गाईचं दूध दिलं आणि तिला जुलाब लागले. मग मऊ भात, उकडलेलं अंडं, मीठ-मसाला-कांदा न घालता शिजवलेलं चिकन. आधी जंताचं औषध, मग आठ आठवड्यांची झाल्यावर पहिली लस. लसी पूर्ण होईपर्यंत गल्लीतल्या मातीवर पाय ठेवू दिला नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तिच्या भावंडांपैकी दोन त्या थंडीत रक्ताची हगवण लागून गेली. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

नाव ठेवायचं नाही असं माझं ठरलेलं होतं. नाव ठेवलं की दुसऱ्या घरी देववत नाही. पण भोगीला आई काळे तीळ भाजत होत्या आणि त्यांच्या तोंडून सहज निघालं, "काय गं तिळू?" जाळीत शेपूट हललं. झालं.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी पट्टी निघाली. मला वाटलेलं, आता ती धावेल. पाय काडीसारखा बारीक झालेला, पोटरीच नाही. ती तो पाय पोटाशी उचलून तीन पायांवर उड्या मारायला लागली. एक्स-रेत हाड छान जुळलं होतं, पण तिला तो पाय आपला आहे याचाच विसर पडलेला. डॉक्टरांनी तिच्या चांगल्या पायाच्या तळव्याला औषधाच्या बाटलीचं छोटं टोपण टेपने चिकटवलं. तो पाय टेकवताना टोचायला लागलं म्हणून तिने दुसरा, मोडलेला, अलगद जमिनीवर ठेवला. एक पाऊल. मग थांबली, खाली बघितलं. मग दुसरं. तिथेच दवाखान्यात मला रडू आलं. (हा उपाय डॉक्टरांसमोर, दोन-चार मिनिटांपुरताच. घरी कुणी करू नये.) घरी गुळगुळीत फरशीवर गोणपाटं अंथरली आणि रोज चार वेळा पाच-पाच मिनिटं चालवलं.

घर शोधणं मात्र पायापेक्षा कठीण गेलं. फोटो पाठवले की पहिला प्रश्न, "नर आहे का?" मग "काळी आहे." मग "लंगडते का हो?" कितीतरी फोन असेच संपले. मादी नको याचं कारण पिल्लं होतात एवढंच. त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे हे सांगून सांगून माझा घसा बसला. वाईकडच्या एकांना मळ्यावर राखणीला हवी होती. चांगले वाटले. रात्री कुठे झोपेल विचारलं तर म्हणाले, "साखळीला, गोठ्याशेजारी. दिवसाही तिथंच." मी नाही म्हटलं. आईंना ते पटलं नाही, "शेतकऱ्याचं घर आहे, उपाशी नाही ठेवणार." खरं होतं ते. पण चार आठवडे तिला मी कोंडलं ते ती पुढे पळावी म्हणून.

फेब्रुवारीच्या शेवटी कोरेगावहून एक निवृत्त एसटी कंडक्टर आणि त्यांच्या पत्नी आल्या. काकूंनी विचारलं ते एवढंच, "जिना चढेल का ही? आम्ही वर झोपतो." आम्ही त्यांचं घर बघून आलो. फाटकाच्या गजांमधून पिल्लू सहज निसटलं असतं, तिथे काकांनी आमच्यादेखत जाळी बांधून घेतली. लसीचं कार्ड, एक्स-रे आणि माजावर येण्याआधी शस्त्रक्रिया करून घेऊ असं लिहिलेला कागद दिला-घेतला. निघताना आईंनी त्यांचं जुनं सुती लुगडं घडी करून काकूंच्या पिशवीत ठेवलं. "रात्री हे लागतं तिला," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये झाली. काकू आठवड्याला एकदा व्हिडिओ पाठवतात. तिळू जिना धडाधडा चढते. उतरताना उजवा पाय अजून किंचित मागून येतो, आणि थंडी पडली की काका तिच्या अंथरुणाशेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवतात.