वीजनियोजनाच्या मॉडेलमध्ये कोयनेचं पाणी

महाराष्ट्राच्या वीजनियोजनाचं मॉडेल करायला घेतलं की पहिला मोह होतो तो वर्षाचे 8760 तास आटवून बारा 'सरासरी दिवस' करण्याचा. गणित चटकन सुटतं. पण सरासरीत ढगाळ आठवडा विरून जातो आणि कोयनेचा हिशेब तर पार बिघडतो.

कोयनेची क्षमता 1960 मेगावॉट. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाची वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा आहे. ऑक्टोबरात सोडलेलं पाणी मेमध्ये मिळत नाही. दिवस सुटे केले की हा धागा तुटतो. मॉडेल रोज संध्याकाळी कोयना पूर्ण क्षमतेने चालवतं आणि बॅटरी नकोच म्हणतं.

म्हणून 1 जूनपासून सलग तास घ्या. दर तासाला: साठा = मागचा साठा + आवक − सोडलेलं पाणी − बाष्पीभवन. तिसरा टप्पा पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्याचंच पाणी पुन्हा वापरतो, ते दोनदा मोजू नका. 31 मेला किमान किती साठा उरावा हे बंधन घालायचं राहिलं, तर मॉडेल धरण तळापर्यंत उपसतं. त्याच्या लेखी पुढचा जून नसतोच.

कोळशाच्या संचांना 55 टक्के किमान भार द्या (केंद्रीय नियमांत पुढे 40 टक्क्यांची तरतूद आहे), नाहीतर ते दुपारी बंद आणि संध्याकाळी सातला पूर्ण भारावर दिसतील. घाटघरच्या 250 मेगावॉट उदंचन केंद्रात (पाणी वर चढवून साठवायचं, मग सोडून वीज करायची) चार युनिट घालून साधारण तीनच परत धरा.

सौर खर्चावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण ते गणित सरळ आहे. 9 टक्के व्याज, 25 वर्षं: भांडवलाच्या वार्षिक हप्त्याचा गुणक 0.102. मेगावॉटला 4 कोटी धरले तर वर्षाला 40.8 लाख रुपये. 20 टक्के क्षमतावापराने 17.52 लाख युनिट, युनिटला 2.33 रुपये, देखभाल वेगळी.

खरी खोट दूरदृष्टीची. मॉडेलला जूनमध्येच सप्टेंबरचा पाऊस ठाऊक असतो. त्यावर उतारा म्हणून कोरडं, मध्यम आणि ओलं वर्ष एकत्र सोडवा. किती सौर, किती बॅटरी हा निर्णय मात्र तिन्हींना एकच ठेवा. मग 67.5 च्या बंधनाची छाया-किंमत पाहा: एक टीएमसी जास्त मिळालं तर खर्च किती उतरेल. कोरड्या वर्षी ती शून्य येऊ शकते, कारण तिथे आवकच अपुरी असते. ओल्या वर्षीही शून्य आली तर आधी एककं तपासा. 1 टीएमसी म्हणजे 2.83 कोटी घनमीटर.