एक नाणं माझं, दोन नाणी राजाची

नाणं सापडायला दोन मिनिटं लागली. ते आपलं आहे की नाही हे कळायला चौदा महिने.

मी इंग्लंडात सफक काउंटीत, इप्सविचला राहतो. ऑफिसातला एक कोल्हापूरकर, गल्लीतले एक निवृत्त लॉरी ड्रायव्हर (आपसात आम्ही त्यांना ‘बाबा’ म्हणतो, त्यांना अजून पत्ता नाही) आणि मी, असे तिघं रविवारी ‘थाळी फिरवायला’ जातो. थाळी म्हणजे मेटल डिटेक्टरच्या दांडीला खाली लावलेली गोल कॉइल. नादाला लावलं बाबांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी हॉक्सनची गोष्ट ऐकवली. गावाचं नाव लिहितात हॉक्स्ने, म्हणतात हॉक्सन, आणि ते आमच्याच काउंटीत आहे. 1992 साली तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, मित्र तो शोधायला डिटेक्टर घेऊन गेला आणि त्याला रोमन काळातली जवळपास पंधरा हजार नाणी लागली. त्याने सगळं उकरत न बसता लगेच कळवलं, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना ते जसंच्या तसं काढता आलं. बक्षीस मिळालं साडेसतरा लाख पौंड. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

ही गोष्ट ऐकली की माणूस मशीन विकत घेतोच. मग कळतं की मशीन हा सगळ्यात सोपा भाग.

अवघड भाग म्हणजे शेत मिळवणं. इथे मालकाच्या परवानगीशिवाय शेतात थाळी फिरवता येत नाही, आणि संरक्षित स्मारकाच्या जागेवर तर मालक हो म्हणाला तरी गुन्हा होतो. आधी नकाशा बघून तशी शेतं वगळली. मग सात जणांना पत्रं टाकली. पाच जणांनी उत्तरच दिलं नाही, एकाने दोन ओळींत नको म्हटलं. सातव्याकडे बाबा स्वतः गेले, अंगणात उभं राहून तासभर ट्रॅक्टरवर बोलले आणि परवानगी घेऊनच आले. अटी तीन: फाटक लावायचं, खड्डा बुजवायचा, निघालेलं लोखंड परत मातीत टाकायचं नाही. जे मिळेल त्यात निम्मं मालकाचं, हे आम्ही कागदावर लिहून सह्या केल्या. हा कागद केला नाही तर मैत्री तुटते, असं बाबा म्हणतात. त्यांनी तुटलेल्या पाहिल्यात.

शेत मिळालं तरी बारा महिने जाता येत नाही. ऑगस्टात गहू निघतो, लवकरच पुढची पेरणी होते. मधले काही आठवडे आपले. त्यात आम्ही काय काढलं? कॅनच्या चाव्या (म्हणजे उघडताना ओढायच्या कड्या), बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं, शिशाच्या गोळ्या, बटणं, चंदेरी कागद. लोखंडाला मशीन घोगरं कण्हतं, चांदीला बारीक, उंच आवाज देतं. पण कॅनची चावीही कधी कधी इतकं गोड गाते की गुडघ्यावर बसावंच लागतं.

4 सप्टेंबर 2022, रविवार. कापलेल्या गव्हाचे खुंट, त्यांच्या ओळींत मी. दुपारी उंच आवाज आला, दोन्ही बाजूंनी थाळी फिरवली तरी तसाच. वीतभर खणलं. चिकणमातीचं ढेकूळ फोडलं तर आत माशाच्या खवल्यासारखं काहीतरी चमकलं. नखापेक्षा थोडं मोठं, इतकं पातळ की वाऱ्याने उडेल. मी अंगठ्याने माती घासली आणि बाबा लांबून असे ओरडले की जणू मी साप धरलाय! ओल्या मातीत वाळूचे कण असतात, चांदीवर ओरखडे उठतात. उठलेच. राजाच्या गालावर ती रेघ अजून आहे आणि ती माझी आहे.

समोरून बघणारा मुकुटवाला चेहरा. मागे काठापर्यंत गेलेला क्रूस, प्रत्येक कोपऱ्यात तीन-तीन ठिपके. बाबा म्हणाले, एडवर्ड राजाची पेनी, म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं. आम्ही फोटो काढत होतो तोवर कोल्हापूरकराने त्याच खड्ड्याच्या कडेला थाळी नेली आणि पुन्हा तोच आवाज. दुसरी पेनी.

आम्ही दोघं नाचलो. बाबा मात्र फाटकाजवळच्या दगडावर बसले आणि म्हणाले, “झालं. आता कागद.”

गंमत अशी आहे. 1996 च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे एकटं सुटं नाणं सहसा ‘ट्रेझर’ ठरत नाही. पण तीनशे वर्षांपेक्षा जुनी, सोन्या-चांदीची दोन नाणी एकत्र सापडली तर ती ट्रेझर, म्हणजे राजसत्तेची. कुणाच्या बटव्यातून पडली असली तरीही. कोल्हापूरकराने तेवढा हात आवरला असता तर माझी पेनी माझ्या खिशात होती. हे मी त्याला महिन्यातून एकदा तरी ऐकवतो.

चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. कॉरोनर म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. गुप्तधनही त्याच्याच खात्यात! प्रत्यक्षात आपण जातो काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरकडे, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे. सोमवारी ईमेल केला. गुरुवारी राणी वारली. त्यामुळे आमची नाणी सापडली तेव्हा राणीची होती आणि जमा करेपर्यंत राजाची झाली.

अधिकारी बाईंनी नाणी वजन केली, भिंगाखाली धरली. एक लंडनच्या टांकसाळीची. दुसरीवरची अक्षरं त्यांनी बोट न लावता वाचून दाखवली: बरी सेंट एडमंड्स, म्हणजे आमच्याच काउंटीतलं गाव. सातशे वर्षांपूर्वी दोन पेन्या म्हणजे मजुराची साधारण दिवसभराची मजुरी. ती हरवून घरी गेलेल्या माणसाला त्या रात्री काय ऐकून घ्यावं लागलं असेल, असं कोल्हापूरकर म्हणाला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं.

पावती मिळाली आणि मग शांतता. अहवाल लिहायचा, तो ब्रिटिश म्युझियमकडे जायचा, कुठल्या संग्रहालयाला नाणी हवीत का ते विचारायचं. आम्ही मधूनमधून ईमेल करायचो, सौजन्याने उत्तर यायचं: अजून नाही. मी चिडलो होतो. बाबांचं म्हणणं, सातशे वर्षं मातीत थांबली ना ती?

याच काळात आईला फोनवर सांगितलं. आमचं गाव पैठणच्या बाजूचं. गोदावरीची वाळू धुऊन नाणी काढणारे झारेकरी तिने लहानपणी पाहिलेले, तरी ती पहिलं वाक्य म्हणाली, “गुप्तधन घरात आणू नकोस.” ते म्युझियमवाल्यांच्या घरात आहे म्हटल्यावर तिला बरं वाटलं. चुलतभावाचा मेसेज वेगळाच: “दादा, दिवाळीला येताना मशीन घेऊन ये, गढीत एक रात्र फिरवू.” त्याला सांगितलं की आपल्याकडे 1878 चा कायदा आहे, जमिनीत दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं, आणि गढीत रात्री फिरणाऱ्याला गाव आधी कुटेल. त्याने अंगठा पाठवला. पटलं की राग आला, कळलं नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये पत्र आलं. कुठल्याच संग्रहालयाला नाणी नको होती. अशा पेन्या त्यांच्याकडे भरपूर. हक्क सोडला, मालकाची हरकत नाही, घेऊन जा. मला आनंद झाला आणि थोडा अपमानही वाटला. दोन्हींची किंमत मिळून जेमतेम दोघांच्या साध्या जेवणाएवढी.

वाटणीत बाबांनी काहीच घेतलं नाही. बरीची पेनी शेतकऱ्याला दिली, लंडनची ओरखडेवाली आम्हा दोघांत, सहा सहा महिने पाळीने. शेतकऱ्याने ती खिडकीकडे धरून पाहिली, “छान आहे” म्हणाला, आणि नट-बोल्टांच्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं. मग विचारलं, “खालचं शेत पुढच्या आठवड्यात मोकळं होतंय, येणार का?”